दोन हात खालची जमीन

आमच्या गावी पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर माती टाकायची पद्धत होती. ही माती शेतातली काळी नव्हे. काळी उन्हात भेगाळते आणि त्या भेगांतून पहिल्याच वळवाला घर गळायला लागतं. त्यासाठी ओढ्याकाठच्या खारवट पट्ट्यातली पांढुरकी माती लागायची. पाट्या भरभरून ती वर न्यायची, सारखी पसरायची, पाणी शिंपडायचं आणि चोपण्यानं चोपत जायचं. पाऊस लागला की ती माती वरच्या वर मऊ होऊन बसे, तिचे बारीक कण भोकाभोकांत जाऊन बसत आणि माळवद लिंपल्यासारखं बंद होऊन जाई. मग मृगाचा पाऊस असो की हस्ताचा, खाली थेंब येत नसे. ज्या पट्ट्यातून ती माती आणायची, तिथं मात्र ज्वारीचं ताट गुडघ्याच्या वर कधी गेलं नाही. छपराला जो गुण, तोच शेताला रोग. आमच्याकडं अशा जमिनीला चोपण म्हणतात.

या रोगाचं मूळ सोडियममध्ये आहे. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. त्यांच्या अंगावर ऋण भार असतो आणि तो भागवायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे धन भाराचे कण येऊन चिकटतात. कॅल्शियम दोन पापुद्र्यांना हाताशी धरून ठेवतो. त्यातून मातीचे रवे बनतात, रव्यांमध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीतून पाणी आणि हवा फिरते. सोडियमचा स्वभाव उलटा. तो स्वतःभोवती पाण्याचं जाड वेष्टण घेऊन बसतो आणि पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. रवा फुटतो, कण मोकळे होतात, पाण्याबरोबर वाहत जाऊन पोकळ्या बुजवतात. ओली असताना ही जमीन पायाला चिकटते आणि वाळली की चोपून बसवल्यासारखी टणक होते. नुसतं मीठ वाढलेली खारवट जमीन वेगळी आणि सोडियम बसलेली चोपण जमीन वेगळी. पहिलीतलं मीठ निचऱ्याची सोय केली की पाण्यानं धुऊन जातं. दुसरीत पाणी शिरतच नाही, मग ते धुणार तरी काय?

हा फरक आपल्या भागात नीट कळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. त्या काळात नीरेच्या खोऱ्यात जे घडलं, ते सोलापूरकरांनी जाणून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं. कारण त्या पन्नास वर्षांच्या शेवटी काही माणसांनी माळशिरसपर्यंतच्या रानात खड्डे खणले, जमिनीला तिच्या खालच्या थरावरून नाव दिलं आणि पुढं आपण ते जवळजवळ विसरून गेलो.

सुरुवात दुष्काळापासून होते. १८७६-७७च्या दुष्काळानं सोलापूर जिल्हा अक्षरशः उठवला. माणसं खडी फोडायला, तलावांवर आणि कालव्यांवर गेली. नीरा डाव्या कालव्याचं काम त्याच दुष्काळी कामांमधून उभं राहिलं आणि १८८५मध्ये पुरंदर, बारामती, इंदापूरच्या अंगानं पाणी वाहू लागलं. मागून भाटघरचं धरण झालं. पाणी आलं, पण शेतकरी ते घेईनात. पाऊस बरा झाला की बाजरी-ज्वारीला पाटाच्या पाण्याची गरज नसे आणि पट्टी मात्र भरावी लागे. कालव्याचा खर्च निघावा म्हणून बारमाही पिकाची गरज होती आणि ते पीक होतं ऊस. एकाच पट्ट्यात उसाखालचं क्षेत्र एका हिश्श्यापुरतं ठेवून बाकी जमिनीवर भुसार पिकं आलटून-पालटून घ्यायची, अशी ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर बसवली. तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. त्यांचा हेतू पाण्याचा मेळ बसवण्याचा होता आणि तो बराचसा साधलाही. पण उसाला एका वर्षात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी द्यायचं आणि ते अशा मुलखात, जिथं आभाळातून पाचशे-सातशे मिलिमीटरच येतं. जादा पाणी जायचं कुठं? ते खाली गेलं, मुरमावर साठलं आणि वर चढू लागलं.

पाच-सात वर्षांत बांधाकडेच्या खोलगट जागा चिबडल्या. मग उन्हाळ्यात त्यांवर पांढरं फूल आलं. ऊस पिवळा पडू लागला, बेणं उगवेना आणि शेवटी नांगर टाकणंच बंद झालं. काल ज्यांनी विहिरीवर मोट चालवून चार माणसांचं पोट भरलं होतं, त्यांच्या रानात आज पाणी होतं आणि पीक नव्हतं. बारामतीच्या पट्ट्यात हे दुःख घरोघरी पोचलं.

१९०७मध्ये हॅरॉल्ड मान नावाचे रसायनशास्त्रज्ञ पुण्याच्या शेतकी कॉलेजात प्राचार्य म्हणून आले. त्याआधी ते आसामच्या चहाच्या मळ्यांत मातीचं काम करत होते. पुढं पिंपळे सौदागर या गावाची घर-न्-घर पाहणी करून त्यांनी लिहिलेला ग्रंथ बऱ्याच जणांना माहीत असतो. त्याआधीचं त्यांचं नीरेचं काम मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर लिहिलेली पुस्तिका १९१०मध्ये मुंबईच्या शेतकी खात्यानं छापली. एका मराठी माणसाचं नाव त्या पुस्तिकेवर साहेबाच्या नावाशेजारी आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. रानोमाळ हिंडून नमुने गोळा करणं, शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणं, कुठल्या वर्षी पाणी चढलं, कुठल्या वर्षी पांढरं आलं हे विचारणं, अशा कामाला इथल्या माणसाचे कान लागतात.

नीरेचं पाणी सह्याद्रीतलं, गोडं. म्हणजे क्षार कालव्यानं आणला नव्हता, तो जमिनीत आधीपासून होता. बेसाल्टचा खडक झिजून माती होताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे सगळं सुटं होतं. भरपूर पावसाच्या मुलखात ते नदीवाटे समुद्राला जातं. आपल्याकडं पाऊस तेवढा पडत नाही, म्हणून ते दोन-तीन हातांवर थबकतं. जमीन वाळू लागली की त्यातलं कॅल्शियम सगळ्यात आधी चुनखडीच्या रूपानं बाहेर पडतं. काळ्या रानात फाळाला लागणारे पांढरे खडे ते हेच. कॅल्शियम असं निघून बसलं की उरलेल्या ओलीत सोडियमचं राज्य सुरू होतं आणि चिकणमातीच्या अंगावरची मोकळी जागा तोच बळकावतो. हे सगळं खाली, आपल्या डोळ्यांआड चालतं. कालव्यानं एवढंच केलं की खाली झोपलेलं ते दुखणं उठवून वर आणलं.

१९१६मध्ये मुंबई सरकारनं याच प्रश्नासाठी बांधकाम खात्यात एक खास सिंचन शाखा उघडली. क्लॉड इंग्लिस हे इंजिनिअर तिच्यावर होते. भूजलाची पातळी मोजणं, चर काढणं, पाझर अडवणं अशी कामं तिनं केली. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, तिचं बी ते. या लोकांचं लक्ष पाण्याकडं होतं आणि त्यात चूक काही नव्हती, पाणी उतरल्याशिवाय कुठलीच जमीन सुधारत नाही. पण एक गोष्ट त्यांच्याही नजरेला येत होती. शेजारी-शेजारी दोन रानं, दोन्हींना सारखंच पाणी, दोन्हींत ऊस, दोन्हींची माती वरून सारखीच काळी. एक दहा वर्षांत मातीमोल होतं, दुसरं वीस वर्षं ऊस देतं. असं का?

याचं उत्तर नदीच्या उजव्या काठावर सापडायचं होतं. भाटघरला १९२०च्या दशकात नवं मोठं धरण झालं आणि नीरा उजवा कालवा फलटण ओलांडून माळशिरसच्या रानात उतरला. १९३२मध्ये साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि या पट्ट्यावर जणू कुणी धान्य उधळलं. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ स्वतःचा कारखाना उभा केला, तेच आजचं माळीनगर. १९३४मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना श्रीपूरला आला. पलीकडच्या काठाला सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचं वालचंदनगर वसत होतं. माळशिरसचं माळरान, जिथं बाभळी आणि कुसळाशिवाय काही दिसत नव्हतं, तिथं उसाचे फड उभे राहिले. आणि प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती होती: डाव्या काठाचं जे झालं, ते आपलं होऊ नये.

त्याच १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. नुकत्याच स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी संशोधन परिषदेचा त्याला पाठिंबा होता. फलटण तालुक्यातलं हे गाव, नीरेच्या उजव्या अंगाला. आज आपण लावतो त्या को-८६०३२ या जातीला महाराष्ट्रात ‘नीरा’ हे नाव मिळालं ते याच केंद्रातून आणि क्षारपड रानात तग धरणारी फुले २६५ही इथलीच. पण ऊस पुढचा, आधी माती. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर या दोघांनी नीरा उजव्या कालव्याखालच्या आणि नगर जिल्ह्यातल्या प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींचं सर्वेक्षण हाती घेतलं.

तोवर माती तपासायची म्हणजे वरची वीतभर माती पिशवीत भरायची आणि प्रयोगशाळेत न्यायची. बसू-सिरूर यांनी माणूस उभा मावेल एवढे खड्डे खणायला लावले. खड्ड्याची एक भिंत फावड्यानं साफ तासायची, मग सुरीनं टोकरत वरपासून खाली यायचं. रंग कुठं बदलतो, ढेकळाचा आकार कुठं बदलतो, चुनखडीचे खडे किती हातांवर सुरू होतात, मुळं कुठं थांबतात, मुरूम कुठं लागतो. प्रत्येक थराचा नमुना वेगळा. प्रयोगशाळेत नुसतं मीठ मोजायचं नाही, तर चिकणमातीच्या अंगावर कोण बसलंय ते मोजायचं: कॅल्शियम किती, सोडियम किती. आणि जमिनीचा प्रकार ठरवायचा तो या सगळ्या थरांची कुंडली मांडून. १९३८मध्ये त्यांचा दीर्घ लेख कृषिशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात आला. जमिनीच्या प्रकारांना त्यांनी इंग्रजी अक्षरांची नावं दिली होती आणि पुढं कित्येक वर्षं पाडेगावच्या प्रयोगांत ही जमीन अमुक अक्षराची, ती तमुक अक्षराची, अशीच भाषा चालली.

ही दृष्टी मुळात रशियातली. दोकुचायेव यांनी १८८३मध्ये तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि जमीन ही वरपासून खालपर्यंत एकच देह आहे, तिचे थर एकमेकांतून जन्मतात, हे मांडलं. गेद्रोइत्स यांनी त्यात रसायन आणलं. मीठ साठलेली ती सोलोंचाक. मीठ धुऊन गेलं पण सोडियम मातीला चिकटून राहिला, ती सोलोनेत्स. सोलोनेत्समध्ये वरचा थर हलका, भुसभुशीत होत जातो, कारण त्यातली चिकणमाती सुटी होऊन पाण्याबरोबर खाली उतरते. खालचा थर मात्र तीच चिकणमाती भरून घट्ट होतो, खांबासारखा उभा फुटतो. सोलोंचाक, सोलोनेत्स हे शब्द शास्त्रज्ञांनी बनवलेले नाहीत, रशियन शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. आपल्याकडंही शेतकऱ्याकडं शब्द तयार होतेच: चिबड, खारवट, चोपण, उत्तरेत ऊसर, रेह, कल्लर, कानडी मुलखात कर्ल. ग्लिंका यांच्या पुस्तकाचा मारबट यांनी १९२७मध्ये इंग्रजी अनुवाद केला आणि रशियन कल्पना इंग्रजी वाचणाऱ्या जगात पोचली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांत ती नीरेच्या काठच्या खड्ड्यात उतरलेली होती. हा वेग मला आजही चकित करतो.

पण रशियन साचा इथं जसाच्या तसा बसणार नव्हता. कारण आपली काळी. सोलोनेत्सची ओळख सोपी असते: वर एक रंग, खाली दुसरा, वर हलकी माती, खाली घट्ट चिकणमाती, मधली रेघ बोटानं दाखवता येते. ऑस्ट्रेलियात असा मुलूख पसरलेला आहे. तिथं नॉर्थकोट यांनी १९६०मध्ये अशा दुहेरी जमिनींचा वेगळा वर्गच केला. पुढं इस्बेल यांच्या १९९६च्या वर्गीकरणात जिचा खालचा चिकण थर सोडियमनं भारलेला आहे, तिला सोडोसोल हे नाव मिळालं. आपली खोल काळी जमीन अशी रेघ दाखवत नाही. तिच्यात निम्मी किंवा त्याहून जास्त चिकणमाती आणि तीही फुगणारी. उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात जमीन फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. काळी स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात ते याच अर्थानं. हजारो वर्षं अशी ढवळाढवळ झाल्यावर वरपासून खालपर्यंत रंग एक, पोत एक. दोन थरांतला विरोध नाहीसा झालेला नसतो, तो नजरेआड गेलेला असतो. वरच्या दोन हातांत कॅल्शियम, खालच्या दोन हातांत सोडियम आणि दोघांच्या अंगावर एकच काळं लुगडं.

म्हणून बसू-सिरूर यांचं काम रशियन कामाहून एका परीनं अवघड होतं. डोळ्यांना जी रेघ दिसत नाही, ती त्यांना ढेकळाच्या फुटण्यावरून, चुनखडीच्या खोलीवरून आणि प्रत्येक थराच्या रसायनावरून काढायची होती. एका रानाला दहा वर्षं आणि शेजारच्याला वीस वर्षं का, याचं उत्तर त्यांना तिथं मिळालं. पाण्यानं दोन्ही रानांना सारखंच वागवलं होतं, पण खालचे थर सारखे नव्हते. १९४३मध्ये बसू आणि व्ही. डी. टगरे यांनी त्याच मालिकेत दख्खनच्या कालव्यांखालच्या चोपण जमिनींचं स्वरूप आणि त्यांची व्यवस्था यांवर वेगळा लेख लिहिला.

पाडेगावच्या केंद्रापाठोपाठ, १९३३मध्ये, सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. त्यावर एन. व्ही. कानिटकर होते, मान यांचे पिंपळे सौदागरच्या कामातले सोबती. वरवर पाहता कालव्याखालचा ऊस आणि सोलापूरची कोरडवाहू ज्वारी यांचा काय संबंध? संबंध खालच्या थराचाच आहे. आपली शाळू ज्वारी पेरली जाते ती परतीच्या पावसावर आणि नंतर चार महिने आभाळाकडून तिला काहीही मिळत नाही. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आजही याच जोरावर उभी राहते: मूळ खाली जातं आणि चार-पाच फुटांवर मुरलेली ओल शोषून घेतं. ती ओल तिथवर मुरली पाहिजे आणि मुळाला तिथवर जाता आलं पाहिजे. मधे चोपण थर असला की दोन्ही वाटा बंद. पाणी वरच साठून उन्हानं उडून जातं आणि मूळ दोन हातांवर अडून आडवं पसरतं. डिसेंबरात ज्वारी माना टाकते आणि आपण म्हणतो, पाऊस कमी झाला.

पुढचा इतिहास आकड्यांचा आहे, पण त्या आकड्यांनी माणसांचं नशीब ठरवलं. १९५४मध्ये अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेनं एक हस्तपुस्तिका काढली. मातीच्या अंगावर बसलेल्या सगळ्या धन कणांत सोडियमचा वाटा शंभरात १५च्या वर गेला, तर जमीन चोपण. हा आकडा जगभर पाठ झाला, आपल्या कृषी महाविद्यालयांतही. ऑस्ट्रेलियानं आपल्या मातीकडं पाहून तो ६वर आणला. आपल्याकडं नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या बालपांडे, देशपांडे आणि पाल यांनी विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याचा अभ्यास १९९६मध्ये मांडला. अकोला, अमरावती, बुलडाणा या भागातला हा खारपाणपट्टा. तिथं नीरेसारखा कालवा नाही, उसाचे फड नाहीत, तरी कापूस मरतो. फुगणाऱ्या काळ्या मातीत सोडियमचा वाटा ५च्या आसपास गेला तरी पाण्याची वाट आवळली जाते, असं या अभ्यासातून दिसलं. म्हणजे १५ची रेघ धरून आपण ज्या रानांना निरोगी म्हणत आलो, त्यांतली कितीतरी आतून आजारी होती. आणि चुनखडी बनत जाणं व सोडियम उरत जाणं ही वाट कालव्याशिवायही चालूच असते, हेही याच संस्थेच्या संशोधनातून पुढं आलं.

हे सगळं आज आठवायचं कारण घरचं आहे. माझ्या मामांनी चार वर्षांपूर्वी डाळिंब लावलं. लावण्याआधी माती तपासून घेतली होती. त्या प्रयोगशाळेचा अहवाल मी पाहिला आहे: सामू ठीक, क्षार ठीक, सेंद्रिय कर्ब कमी, अमुक खत घ्या. पहिली दोन वर्षं झाडं तजेलदार होती. तिसऱ्या वर्षी उताराकडची झाडं पिवळी पडू लागली, शेंडे वाळू लागले. मामांनी पाणी वाढवलं, मग कमी केलं. फवारण्या केल्या. कर्ज काढलं होतं, ते वाढलं. अहवालात खोटं काहीच नव्हतं. नमुना वरच्या वीतभर मातीचा होता आणि वरची वीतभर माती खरोखरच चांगली होती. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५मध्ये आली, तिच्यातही नमुना पंधरा सेंटिमीटरचाच घेतात. खतासाठी तो पुरेल. पण जमिनीचं नाव त्यावरून ठरवू नये. १९३८मध्ये आपल्याच नदीकाठी ही गोष्ट सिद्ध झाली असताना २०२०नंतर माझ्या मामांना ती चार एकर घालवून शिकावी लागली, याची मला खंत वाटते. आणि राग येतो.

गेल्या मार्गशीर्षात मी आणि मामांनी मिळून खड्डा घेतला. वाळलेल्या झाडांच्या ओळीतच, पुरुषभर खोल. वरची माती हातात घेतली तर रवाळ, बोटांनी सहज सुटत होती, मुळं भरपूर. दीड हाताच्या खाली टिकाव दणका देऊ लागला. ढेकूळ फोडलं तर त्याच्या बाजू तेल लावल्यासारख्या चमकत होत्या. चुनखडीचे खडे सुरू झाले होते आणि डाळिंबाचं बोटाएवढं मूळ तिथं पोचून काटकोनात वळून आडवं गेलं होतं. मामा ते मूळ बराच वेळ बघत राहिले. ‘‘बघ की लेका,’’ ते म्हणाले, ‘‘ह्याला वाट न्हाई गावली.’’

आम्ही दोन्ही थरांतली सुपारीएवढी ढेकळं घेतली आणि पावसाचं साठवलेलं पाणी भरून दोन काचेच्या पेल्यांत एक-एक सोडलं. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. वरच्या थराचं ढेकूळ फुगलं, फुटलं आणि तळाशी रव्यांचा ढीग होऊन बसलं, पाणी नितळ. दुसऱ्या पेल्यात ढेकळाभोवती हळूहळू एक ढगाळ कडं उठलं, पाण्यात दुधाचा थेंब पसरावा तसं. घटकाभरात पेला गढूळ झाला. मामींनी तो उचलून उजेडाकडं धरला आणि म्हणाल्या, ‘‘ही तर माळवदाची माती.’’

मामांना आता जिप्सम टाकायचं आहे. त्यानं कॅल्शियम मिळेल आणि सोडियम सुटेल, पण सुटलेला सोडियम वाहून जायला खालून वाट पाहिजे, त्यासाठी आधी उताराला चर काढावा लागेल. ताग किंवा धैंचा गाडून दोन-तीन हंगाम जमीन तयार करावी लागेल. किती रानाला चर पाहिजे आणि किती रान तसंच चालेल, हे ठरवायला त्यांनी मग एकट्यानं अजून सहा खड्डे घेतले, बांधापासून ओढ्यापर्यंत एका रेषेत. मी परत गेलो तेव्हा रानातल्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं सात आकडे लिहिलेले होते आणि प्रत्येक खड्ड्याजवळ एक खुंटी ठोकलेली होती. चोपण थर किती खोलीवर लागतो, त्याचं माप: चार हात, तीन, अडीच, दीड, दीड, एक, आणि ओढ्याच्या कडेला वीतभर.